खोलायचा की बदलायचा

बाईंनी मला खोली दिली ती माझा आवाज ऐकून. चेहरा नंतर पाहिला, आणि पाहिल्यावर त्या जरा खट्टू झाल्यासारख्या वाटल्या. "आवाजावरून उंच वाटली होतीस," म्हणाल्या.

त्याआधी मी इंदूरमधल्या बऱ्याच घरांचे जिने चढून उतरले होते. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका नव्या इन्स्टिट्यूटमध्ये मला नोकरी लागली होती आणि महूहून रोज बसने येणं-जाणं जमेनासं झालं होतं. घरमालक आधी पाणी देत, मग चहाचं विचारत, मग आडनाव विचारत. आडनाव ऐकल्यावर त्यांना आठवे की खोली कालच कुणाला तरी कबूल केली आहे. आजोबा फौजेत होते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, हे मी आडनावाच्या आधी घाईघाईने सांगून टाकायला शिकले होते. त्याने फार तर चहा मिळे.

स्नेहलतागंजमधल्या या बाईंचा नंबर इन्स्टिट्यूटमधल्या एका मॅडमनी दिला. मी पीसीओवरून फोन लावला.

"हॅलो, मिल. बोला, कुठे जोडू?"

मी घाबरून फोन ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मला खोलीबद्दल विचारायचं होतं," मी कसंबसं म्हणाले.

"मग विचार ना. ठेवून कशाला दिला? बोल अजून."

"काय बोलू?"

"काय पण बोल. सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"पोहे तर सगळा इंदूर खातो. अजून बोल."

मी बसच्या गर्दीबद्दल काहीतरी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आवाज दबका आहे, पण साफ आहे. जिन्यात आरडाओरडा नाही करणार तू. ये सामान घेऊन."

आडनाव त्यांनी विचारलं नाही. आता विचारतील, मग विचारतील, अशी मी कित्येक आठवडे वाट पाहत होते. घरून येणाऱ्या पत्रांवर ते असायचंच, आणि पत्रं त्याच माझ्या दाराखालून सरकवत. पण तो विषय त्यांच्या बाजूने कधी निघाला नाही, आणि माझ्या बाजूने काही काढण्याची मला सवय नव्हती.

बाईंची सगळी नोकरी परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलच्या टेलिफोन बोर्डवर झाली होती. बोर्डाच्या खोलीला खिडकी नव्हती. मिलमधल्या प्रत्येक माणसाचा आवाज त्यांना पाठ, चेहरे मात्र फारसे माहीत नाहीत. मिल बंद पडली, बोर्ड भंगारात गेला, पण घरचा फोन उचलला की त्यांच्या तोंडून तेच यायचं. सांगणारे सांगून थकले. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर त्या डोळे मिटून घेत आणि म्हणत, "बोल, बोल, दोन शब्द बोल." ओळख पटली की डोळे उघडत. नवख्या माणसाला वाटे, बाईंना चक्कर आली.

नावं त्या वापरतच नसत. मिलमधल्यांना त्यांच्या खात्याचा एक्स्टेंशन नंबर होता. मशीन शॉपमधला एक फिटर होता, त्याला त्या 'सव्वीस' म्हणत, आणि तोही "हां बाई, सव्वीस बोल रिया हूं" म्हणत दारात उभा राही. जे मिलमधले नव्हते त्यांची सोय त्यांनी वेगळी केली होती. शेजारचे निवृत्त वकीलसाहेब 'ट्रंक कॉल', कारण ते ओरडून बोलत. मी 'वरचं एक्स्टेंशन'. "वरच्या एक्स्टेंशनला चहा दे गं," असं त्या कामवालीला सांगत तेव्हा मला का कोण जाणे, बरं वाटायचं. मला त्या घरात एक जागा होती आणि तिच्यासाठी मला काही बोलावं लागत नव्हतं.

बाईंचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, चालताना त्याचा खट्-खट् आवाज. मदत करायला कुणी पुढे आलेलं त्यांना खपत नसे. गाडीचं दार कुणी उघडून धरलं, तर त्या ते शांतपणे लावून घेत, मग स्वतः पुन्हा उघडत, मग बसत. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मला वाटलं माझा हात लागलेला चालत नाही. रात्रभर मी सामान बांधायच्या विचारात होते. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी उघडून धरलेलं दारही त्यांनी तसंच लावून पुन्हा उघडलेलं मी वरून पाहिलं, आणि मी बॅग परत पलंगाखाली सरकवली.

गाडी हा त्या घरातला खरा मोठा विषय. जुनी, लांबलचक विलायती गाडी, रंग उडालेला निळा. मिलच्या मोठ्या साहेबांची ती होती. साहेब इंदूर सोडून गेले, गाडी मिलच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली, आणि शेवटी सामानाचा लिलाव झाला तेव्हा बाईंनी ती घेतली. तिला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक गिअरची गाडी तेव्हा शहरात शोधून सापडली नसती. दुसरी कुठलीच गाडी बाई चालवू शकल्या नसत्या, कारण क्लच दाबायचा तो डाव्या पायाने. या गाडीला उजवा पाय पुरे. साहेबांच्या ड्रायव्हरने सुट्टीच्या दिवशी मिलच्या आवारात त्यांना ती शिकवली होती, साहेबांना न विचारता.

"रिक्षाने का नाही जात?" मी एकदा विचारलं. मी विचारलेल्या थोड्या प्रश्नांपैकी तो एक.

"मागच्या सीटवर बसलं की माणसाचं सामान होतं," त्या म्हणाल्या. "कुठे उतरवायचं ते दुसरा ठरवतो."

गाडीत बसायची परवानगी सहज मिळत नसे. इतर घरमालकिणी नियम सांगतात, बाईंनी मला गाडीचं इंग्रजी मॅन्युअल दिलं. "कॉन्व्हेंटची आहेस ना? सगळं वाच. मग बस." मी खरोखर सगळं वाचलं. त्यांनी रात्री जेवताना परीक्षा घेतली. गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचं? इंजिन चालू ठेवून. ही गाडी धक्का मारून सुरू होते का? नाही. दोर बांधून ओढायची असेल तर? मागची चाकं उचलून, नाहीतर गिअरबॉक्स जळतो, कारण इंजिन बंद असलं की त्याच्यात तेल फिरत नाही. "पास," त्या म्हणाल्या, आणि मला जास्तीची पुरी वाढली.

गाडी रोज बाहेर निघत नसे. पण रविवार चुकत नसे. रविवारी सकाळी त्या परदेशीपुऱ्याला जात, बंद मिलच्या फाटकासमोर गाडी उभी करत आणि काच खाली घेऊन बसत. फाटकाजवळ चहाच्या गुमटीपाशी, त्या पत्र्याच्या टपरीपाशी, मिलमधली माणसं तेव्हाही जमायची. कुणी हातगाडीवर केळी विकायला लागला होता, कुणी पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसत होता, बरेचसे काहीच करत नव्हते. मिल पुन्हा सुरू होणार अशी बातमी दर रविवारी कुणीतरी आणायचं. बाई आतूनच डोळे मिटून ऐकत. मी शेजारी गप्प.

"हे काय करता तुम्ही?" मी विचारलं होतं.

"लाइनी चेक करते," त्या म्हणाल्या. "कोणती चालू, कोणती डेड."

परत येताना त्या सांगत: फोल्डिंग खात्यातला आज नव्हता. चौदाचा आवाज बसलाय, छाती बघायला पाहिजे त्याची. मग घरी आल्यावर त्या कुठल्यातरी डॉक्टरला फोन लावत, किंवा कुणाच्या सुनेला निरोप धाडत. कुणाला कळतही नसे की हे कुठून सुटलं.

अशाच एका रविवारी फाटकासमोर गाडी बंद पडली. चावी फिरवली की इंजिन नुसतं कुरकुरे, पेट घेईना. सव्वीस तिथेच होता. मिल सुटल्यावर त्याने राजेंद्र नगरकडे एक छोटं गॅरेज टाकलं होतं, स्कूटर आणि छोट्या गाड्यांचं, पण रविवारी तोही गुमटीवर यायचा. त्याने बॉनेट उघडलं, वास घेतला, म्हणाला, "पेट्रोल नहीं चढ़ रिया बाई. पंप गया. गैरेज ले जाना पड़ेगा. टोचन कर देते हैं, रस्सी बांध के."

आणि गुमटीवरची सगळी माणसं उठली.

ते मला अजून दिसतं. इतके रविवार मी त्यांना बसलेलंच पाहिलं होतं. बाकावर, उकिडवे, भिंतीला टेकून. त्यांची उंची मला माहीत नव्हती. आता कुणी दोर आणायला धावला, कुणी ओळखीच्या टेम्पोवाल्याला हाक मारायला. एक म्हातारा धोतर खोचून उगाचच गाडीमागे जाऊन उभा राहिला. "अरे हट, तेरे से नी होगा," "तू हट, मैंने बॉयलर धकाया है," असं चाललं होतं. सव्वीस सगळ्यांना हुकूम सोडत होता, मशीन शॉपमध्ये सोडत असेल तसे.

मी हळूच म्हणाले, "बाई, मागची चाकं..."

बाईंनी माझं मनगट धरलं. पकड चांगलीच होती. त्या समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या, डोळे उघडे ठेवून, एकेका चेहऱ्याकडे. मग काचेबाहेर डोकं काढून म्हणाल्या, "चला भिया, ओढा!"

शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आम्ही दोराला बांधून गेलो. टेम्पोत मागे सात-आठ जण उभे, आमच्याकडे तोंड करून, हसत, चौकाचौकात ट्रॅफिक थांबवत. "बाजू हो जाओ, मिल की गाड़ी है!" टेम्पोवाला जोशात होता, मोकळा रस्ता मिळाला की पळवायचा. बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होत्या. मध्येच गाडीखालून एक जळका वास आला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आपली काच आणखी खाली घेतली आणि टेम्पोतल्या माणसांना हात केला.

संध्याकाळपर्यंत सव्वीसने पेट्रोलचा पंप बसवला. इंजिन सुरू झालं, सुरेख वाजायला लागलं. बाईंनी गिअरचा दांडा ओढला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं आणि गाडी जागची हलली नाही.

सव्वीस वाकून, बसून, झोपून पाहत राहिला. त्याने असली गाडी पूर्वी हाताळलेली नव्हती. "ये क्या हुआ," तो स्वतःशीच म्हणत होता. "सुबह तक तो चल री थी."

"वय झालं तिचं," बाई म्हणाल्या. "कधीतरी होणारच होतं."

मग तो प्रश्न आला, आणि महिनाभर त्या घरात दुसरं बोलणं झालं नाही. गिअरबॉक्स गेला होता हे नक्की. नवा मिळण्याचा संबंधच नव्हता, ती गाडी बनणंही थांबलं होतं. दोन वाटा उरल्या. एक, आहे तोच गिअरबॉक्स खोलायचा, आतल्या झिजलेल्या जळलेल्या प्लेटा, सील वगैरे मुंबईहून मागवून तो नव्याने बांधायचा. दोन, मुंबईच्या भंगार बाजारातून तसल्याच दुसऱ्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स आणून, न खोलता जसाच्या तसा बसवायचा. खर्च जवळपास सारखाच, त्यामुळे वाद पैशाचा नव्हता.

सव्वीसचं मत पक्कं होतं. "खोलेंगे बाई. अपना डिब्बा है, अपने को मालूम है कैसा चला है. वो मुंबई का माल, किसने चलाया, कैसे चलाया, टक्कर खाया के पानी में डूबा, कौन जाने?" बोलताना त्याचे डोळे चमकत होते. शहरात नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. उद्या विनाक्लचच्याही येतील, आणि तेव्हा असा डबा बांधलेला एकच मिस्त्री इंदूरमध्ये असेल, हे तो चार-चार वेळा सांगे. त्याच्या गॅरेजमध्ये तेव्हा दिवसाला एखादी स्कूटर येत होती.

ट्रंक कॉल कुंपणापलीकडून ओरडून सव्वीसच्या बाजूने बोलले. "अहो बाई, खोलून बांधलेल्याची निदान जबाबदारी घेणारा माणूस समोर आहे! तो भंगारवाला काय, हात वर करेल!"

बाई भंगारवाल्याशी फोनवर बोलल्या. बराच वेळ त्याला नुसतं बोलू दिलं, डोळे मिटून. फोन ठेवून म्हणाल्या, "खोटं बोलतो. पण फार नाही. तोच आणू."

सव्वीसचा चेहरा उतरला. त्या लोकांची मिलमधली एक रीत होती. मशीन ज्याच्या ताब्यात असेल त्याने 'खोल' म्हटल्याशिवाय फिटरने पाना लावायचा नाही, मग साहेब का सांगेना. म्हणून तो पुन्हा विचारायचा, "खोलूं, बाई?" आणि बाई म्हणायच्या, "नको. बदल." त्याने खूप विनवलं. शेवटी निघून गेला.

त्या रात्री गच्चीवर बाईंनी मला विचारलं, "वरचं एक्स्टेंशन, तू बोल. खोलायचा की बदलायचा?"

मी विचार करून ठेवलेला होता. म्हटलं, खोलायचा. आपला डबा कसा वापरला ते आपल्याला ठाऊक आहे, दुसऱ्याचा ठाऊक नाही. बिघाड कशाने झाला तेही खोलल्यावर कळेल.

"हां," बाई म्हणाल्या. "कळेल ना. सव्वीस वेडा नाही. खोलला की त्याला कळेल कशाने झाला."

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. दोर त्यानेच बांधला होता. टोचन करू, हे त्यानेच म्हटलं होतं. त्या संध्याकाळनंतर तो परदेशीपुऱ्यात सांगत फिरत होता की बाईंची गाडी आपण सगळ्यांनी कशी सुखरूप पोचवली.

"पण तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही मला बोलू दिलं नाही."

बाई पायाच्या बुटाचा पट्टा सैल करत बसल्या.

मुंबईचा गिअरबॉक्स पोत्यात बांधून आला. सव्वीसनेच तो बसवला. जुना भंगारात देऊन टाक, असं बाईंनी त्याला बजावलं. तो "हओ" म्हणाला आणि पोत्याखाली झाकून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून दिला. मला तो तिथे दिसला होता. मी बोलले नाही.

आलेला डबा चालला, पण कण्हत चालला. काही महिन्यांनी त्याचा रिव्हर्स गेला. पुढे जाई, मागे येईना. दुसरं कुणी असतं तर तेव्हा तरी ऐकलं असतं. बाई म्हणाल्या, "मागे जायचंय कुणाला?" आणि मागे जाण्यावाचून कसं जगता येईल ते बघायला लागल्या. कोणती गल्ली आरपार जाते, कोणती बंद, हे त्या मला विचारून पाठ करत. बंद गल्लीतल्या मैत्रिणीकडे जाणं सोडलं. स्वतःच्या घराच्या आवारात गाडी आत जाई पण बाहेर काढता येईना, म्हणून त्यांनी मागची कुंपणाची भिंत पाडून मागच्या गल्लीत फाटक काढलं. गवंडी दोनदा विचारून गेला, खरंच पाडू? शेजारचे ट्रंक कॉल वर्षभर त्या भिंतीची गोष्ट सगळ्या स्नेहलतागंजला सांगत राहिले. रविवार मात्र चुकला नाही. पुढच्या फाटकाने आत, मागच्याने बाहेर.

दुसऱ्या वर्षी तो डबाही बसला. एके शनिवारी घरासमोरच गाडी उभी राहिली ती राहिलीच.

त्यानंतरचे रविवार वाईट होते. बाई सकाळी लवकर उठत, साडी नेसून तयार होत आणि फोनजवळ बसत. परदेशीपुऱ्यातल्या त्या माणसांकडे फोन कुठले असणार? मी म्हटलं, मी जाऊन बघून येते, कोण आलंय कोण नाही. त्या म्हणाल्या, "तुला आवाज कुठे माहीत आहेत?" ते खरं होतं. तरी मी एकदा जाऊन आले. कुणी मला ओळखलं नाही, आणि बोलायला मला जमलं नाही. बाईंना मी इतकंच सांगू शकले की बाकावर माणसं कमी होती. कोणती कमी, ते मला सांगता आलं नाही. त्यांनी मान वळवली.

मग सव्वीस आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"बाई, पुराना डिब्बा मेरे पास है. फेंका नहीं." मग तेच विचारलं, "खोलूं?"

बाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. मला वाटलं, आता 'नको' येणार. बाहेरच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत पुढे गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"खोल," बाई म्हणाल्या. "पण माझ्यासमोर."

राजेंद्र नगरला आम्ही रिक्षाने गेलो. बाई मागे बसायला तयार नव्हत्या, रिक्षावाल्याला सरकवून त्याच्या शेजारी बसल्या, बुटाचा पाय बाहेर काढून. मी एकटीच मागे.

सव्वीसने जमिनीवर पोती अंथरली होती, त्यावर वर्तमानपत्रं. डबा मधोमध. त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि पहिला बोल्ट सैल केला. तेल काळंकुट्ट निघालं, उकळून आटलेल्या चहासारखं. जळका वास सुटला, तोच, टेम्पोमागचा. मग एकेक करून प्लेटा निघाल्या. वरचा थर बोट लावताच भुग्यासारखा सुटत होता.

"ये तो कोयला हो गया," तो म्हणाला. "तेल था, फिर भी सूखा जला है. कैसे?"

त्याने पुढच्या बाजूचा तेलाचा छोटा पंप उचलून पाहिला, तो कुठे बसतो ते पाहिलं, परत जागेवर लावला. मग मागचा दांडा, चाकांकडे जातो तो, हाताने फिरवला. दांडा फिरला, पंप फिरला नाही. त्याने पुन्हा फिरवला. मग इंजिनाकडच्या बाजूने फिरवून पाहिलं, तेव्हा पंप फिरला. त्याचा हात तिथेच राहिला.

"इंजन बंद, तो तेल बंद," तो हळू म्हणाला. "और पहिये घूम रहे थे. पूरे रस्ते."

त्याने वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग बाईंकडे.

"आपको मालूम था."

"होतं," बाई म्हणाल्या.

"उसी दिन?"

"त्याच्या आधीपासून. किताब में लिखा है."

मला वाटलं तो शरमेल. तो चिडला. हातातलं फडकं त्याने जमिनीवर आपटलं. "दो साल! दो साल से पूछ रिया हूं, खोलूं, खोलूं. मैं समझा आपको मेरे हाथ पे भरोसा नहीं है. घर में बोला मैंने, बाई ने मुंबई का भंगार ले लिया, मेरे को हाथ नहीं लगाने दिया. गलती मेरी थी तो बता देतीं. सीख लेता मैं."

तो बोलत असताना मिटलेले डोळे बाईंनी उघडले. इतकी वर्षं त्यांनी माणसांच्या आवाजातून छातीचं दुखणं ओळखलं, घरातलं भांडण ओळखलं, आणि हे त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्या खरोखर चकित झाल्या होत्या.

"भरोसा नव्हता असं कसं रे. मला वाटलं तुला कळलं तर तू तिथे गुमटीवर बसणार नाहीस. तोंड दाखवणार नाहीस. एक लाइन अजून डेड."

"तो उस दिन मना क्यूं नहीं किया? एक बार बोल देतीं, मत खींचो. बस."

"कसं बोलू?" बाई म्हणाल्या. "मिल बंद झाल्यापासून तुम्ही सगळे नुसते बसलेले. त्या दिवशी एकदम उठलात. बसा म्हणू?"

सव्वीस जळलेल्या प्लेटा एकेक करून रॉकेलच्या परातीत टाकत राहिला. टाकून देण्याच्याच होत्या त्या, तरी पुसून ओळीने मांडत होता, कोणती कशाच्या मागे येते ते लक्षात राहावं म्हणून. पुढे त्याने तो डबा बांधला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. आणि खरंच पुढे त्याच्या दारात विनाक्लचच्या गाड्या यायला लागल्या. बाईंच्या गाडीला रिव्हर्स परत आला, तरी मागचं फाटक त्यांनी बुजवलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तो बराच वेळ खाली मान घालून काम करत होता आणि बाई स्टुलावर बसून पाहत होत्या.

शेवटी तो मान वर न करता म्हणाला, "अगली बार मना कर देना, बाई."

"हओ," बाई म्हणाल्या. "कर दूंगी."

मला ते खरं वाटलं नाही. त्यालाही वाटलं नसावं, कारण त्या दुपारी तो पहिल्यांदाच हसला.